बाकी कशी आली?

कर्ज देणे हे जितके विश्वासाचे काम आहे, तितकेच ते स्मरणाचे काम आहे. ज्या दिवशी रक्कम हाती पडते त्या दिवशी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारे काही लख्ख आठवत असते. परंतु हप्त्यांची साठ किंवा शंभर महिन्यांची वाटचाल सुरू झाली, मध्ये बदल्या झाल्या, आजारपणे आली, व्याजाचा दर एकदोनदा खालीवर झाला, म्हणजे तो व्यवहार मनुष्याच्या स्मरणशक्तीवर सोडून चालत नाही. आणि मग वही म्हणा, तक्ता म्हणा, अथवा संगणकप्रणाली म्हणा, त्या स्मरणासाठी आपण जे साधन पत्करतो त्याच्या गुणदोषांवर संस्थेचा हिशेब आणि कर्जदाराचे समाधान ही दोन्ही अवलंबून राहतात. आमच्या जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या सहकारी पतसंस्थेचा सचिव या नात्याने, कर्जवसुलीचे सगळे दप्तर एक्सेलच्या तक्त्यांतून काढून त्याच कामासाठी बनवलेल्या स्वतंत्र सॉफ्टवेअरमध्ये नेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. ते काम करताना जे पाहिले आणि जे उमगले ते लिहून ठेवावेसे वाटते, कारण याच वळणावर उभ्या असलेल्या अनेक लहान संस्थांचे सचिव आणि संचालक मला भेटतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा सॉफ्टवेअरच्या किमतीचा असतो. माझ्या अनुभवाने तो प्रश्न शेवटचा आहे.

पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे तंत्र वरवर पाहता सोपे असते. सभासद दरमहा वर्गणी भरतो, शेअर्स घेतो, आणि घर, मुलांचे शिक्षण, लग्नकार्य, दवाखाना अशा गरजांसाठी दीर्घ मुदतीचे किंवा तातडीचे कर्ज काढतो. त्याला सहकारी शिक्षक जामीन राहतात. आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ४९ अन्वये त्याने लिहून दिलेल्या कराराच्या आधारे त्याचा हप्ता परस्पर पगारातून कापला जाऊन संस्थेकडे येतो. संस्था दर महिन्यास तालुकावार मागणी यादी तयार करून पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे धाडते. तेथे पगारबिलात कपात होते. आणि मग एकरकमी भरणा व त्यासोबत कपातीची यादी संस्थेच्या दप्तरी दाखल होते. मागणी आणि वसूल या दोन याद्या दरमहा तंतोतंत जुळत्या, तर आमच्याकडे दोन माणसांतही काम भागले असते. परंतु कोणी विनावेतन रजेवर असतो, कोणाची बदली दुसऱ्या तालुक्यात होऊनही त्याचे नाव जुन्याच यादीत राहिलेले असते, कोणाचा पगार अर्धाच निघालेला असतो, कोणी निवर्तलेला असतो; आणि या दोन याद्यांमधील तफावतीची रुजुवात करणे हेच वसुली विभागाचे खरे काम होऊन बसते.

मी नोकरीस लागलो तेव्हा ही रुजुवात बांधीव खतावणीत होत असे. प्रत्येक कर्जखात्याला स्वतंत्र पान. पानांवर छापील क्रमांक. आणि वहीच्या आरंभी, या वहीत इतकी पाने आहेत, असा दाखला व त्याखाली अध्यक्षांची सही. चुकीची नोंद पुसून टाकण्याची किंवा पान फाडण्याची सोय तेथे नव्हती. तांबड्या शाईची एकच रेघ मारायची, तीही खालचा आकडा वाचता येईल अशा बेताने मारायची, शेजारी आद्याक्षरी करायची, आणि पुढल्या ओळीत दुरुस्त नोंद घ्यायची, असा दंडक होता. महिनाअखेरीस सर्व खात्यांच्या बाक्यांची बेरीज तेरजेशी जुळवली जाई, आणि चार आण्यांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत वही मिटली जात नसे. या शिस्तीत वेळ फार जाई, डोळे शिणत, पाठ धरे; परंतु एखाद्या कर्जदाराने येऊन आपले पान उघडून दाखवा असे म्हटले, तर कर्जवाटपाच्या तारखेपासून आजच्या बाकीपर्यंतची प्रत्येक पायरी, चुका आणि त्यांच्या दुरुस्त्यांसकट, त्याच्या डोळ्यांसमोर मांडता येई.

या पायऱ्या दाखवण्याला महाराष्ट्रात किती मोल आहे, हे आपल्याच इतिहासात नोंदलेले आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले, तेव्हा त्या जमावांचा रोख मुख्यत्वे कर्जरोखे आणि हिशेबाचे कागद यांच्यावर होता. कारण ज्या कागदावर आपला अंगठा आहे परंतु ज्यातील आकडा कसा वाढत गेला हे आपणास कधीच कळत नाही, तो कागदच त्यांना आपल्या दुःखाचे मूळ वाटत होता. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायालयांना रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहारापासूनचा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, आणि शेतकरी ऋणकोला भरण्याची पावती, वर्षाचा हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क दिला. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांची वाट मोकळी झाली ती याच पार्श्वभूमीवर. आणि आजच्या १९६० च्या अधिनियमातही, संस्थेच्या वह्यांतील स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनामूल्य पाहण्याचा हक्क कलम ३२ ने प्रत्येक सभासदाला दिलेला आहे. हिशेब हा धनकोइतकाच ऋणकोचाही असतो, हे तत्त्व या भूमीत फार मोठी किंमत मोजून प्रस्थापित झाले आहे.

अशा परंपरेच्या दप्तरात एक्सेल आले, तेव्हा त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. जी मागणी यादी लिहिण्यासाठी आठवडा खर्ची पडे ती एका दुपारी तयार होऊ लागली. बेरजा आपोआप होऊ लागल्या. वार्षिक सभेच्या अहवालातील परिशिष्टे, जी पूर्वी छापखान्यात चार वेळा फेऱ्या घालूनही चुकत, ती नेटकी उतरू लागली. परंतु प्रत्येक साधनाला त्याच्या जन्माचा हेतू चिकटलेला असतो. संगणकावरील या तक्त्यांचा आरंभ १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिसिकॅल्कने झाला. पुढे १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आणि १९८५ मध्ये, प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी, एक्सेल आले. या साऱ्यांचे मर्म एकच होते: एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे क्षणार्धात बदलावेत. अंदाजपत्रक मांडणाऱ्याला, दर एवढा ठेवला तर काय आणि तेवढा ठेवला तर काय, असा विचार करणाऱ्याला, यासारखे वरदान नाही. मात्र जे घडून गेले आहे आणि ज्यात आता बदल होता कामा नये, त्याची नोंद ठेवण्यासाठी हाच गुण घातक ठरतो. शिक्षकांच्या संस्थेत शोभेल अशा भाषेत सांगायचे तर, गणित सोडवायला पाटीसारखे साधन नाही, परंतु परीक्षेचा निकाल कोणी पाटीवर लिहून ठेवीत नाही.

हा घात कसा होतो, ते उदाहरणाने स्पष्ट होईल. आमच्या तक्त्यात व्याजाचा दर वरच्या एका चौकटीत लिहिलेला असे आणि सर्व महिन्यांचे व्याज त्या चौकटीवरून निघे. संचालक मंडळाने दर बारा टक्क्यांवरून अकरा टक्के केला, तेव्हा त्या चौकटीत अकरा लिहिताच येणाऱ्या महिन्यांचे व्याज बदलले, आणि त्याबरोबर मागील दोन-तीन वर्षांचे व्याजही बदलले, जे सभासदांनी बारा टक्क्यांनी प्रत्यक्ष भरलेले होते. तक्त्याच्या दृष्टीने भूतकाळ आणि भविष्यकाळ यांत भेद नव्हता. मग तो बदल थोपवण्यासाठी जुन्या महिन्यांतील सूत्रे काढून त्यांच्या जागी हाताने आकडे टंकले गेले. आणि सूत्राने आलेला आकडा व हाताने लिहिलेला आकडा यांत डोळ्यांना काहीच फरक दिसत नसल्याने, कोणता आकडा मोजलेला आहे आणि कोणता मानलेला आहे, हे सांगणारे चिन्ह त्या पानावर उरले नाही. तारखांची कथा निराळी, पण तितकीच बोलकी. एका संगणकावर महिना आधी व दिवस नंतर वाचण्याची परदेशी पद्धत ठेवलेली होती. त्यामुळे ०५/०४ असे टंकलेला पाच एप्रिलचा भरणा चार मेचा ठरे, आणि २५/०४ ही तारीखच न मानता ते यंत्र ती केवळ अक्षरे समजून चौकटीच्या डाव्या कडेला ठेवून देई. उजवीकडे सरकलेल्या आणि डावीकडे चिकटलेल्या तारखांची ती उभी रांग ज्याने एकदा नीट न्याहाळली, त्याला पुढे त्या रकान्यावरून काढलेल्या दिवसांच्या व्याजावर विश्वास ठेवणे कठीण जाते. त्यातच प्रत्येक तालुक्याची फाइल वेगळी, तिच्या प्रती तीन जागी, आणि नावांपुढे ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम दुरुस्त’ अशी बिरुदे. त्यांपैकी लेखापरीक्षकांपुढे ठेवावी ती कोणती, हे फक्त ती बनवणाऱ्या कारकुनालाच ठाऊक.

हे सारे दोष आम्हाला ठाऊक होते, आणि तरीही काम चालले होते. कारण वर्षअखेरीस ताळेबंद जुळत असे. बदलाची निकड मला खऱ्या अर्थाने पटली ती एका ज्येष्ठ सभासदामुळे. सेवानिवृत्तीच्या प्रकरणाला बेबाकी दाखला जोडायचा म्हणून एक गुरुजी कार्यालयात आले होते. त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीत नोकरीच्या अखेरच्या दहा वर्षांच्या पगारपत्रकांच्या प्रती वर्षवार गठ्ठे करून, सुतळीने बांधून ठेवलेल्या होत्या. आमच्या तक्त्याप्रमाणे त्यांच्याकडे अठरा हजारांच्या वर बाकी निघत होती. त्यांच्या हिशेबाने ती पंधराच्या आत असायला हवी होती. ते मुळीच रागावले नाहीत. ते म्हणाले, “सचिवसाहेब, तुम्ही म्हणाल तो आकडा मी आत्ता भरतो. पण ही बाकी कशी आली, तेवढं मला समजावून सांगा.”

“बसा गुरुजी, दाखवतो,” असे म्हणून मी त्यांच्या नावाची ओळ उघडली. बाकीच्या चौकटीवर बोट ठेवताच वरच्या पट्टीत सूत्र दिसावयास हवे होते. तेथे नुसता आकडा होता. तो कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने लिहिला, याचा कसलाही मागमूस नव्हता. मग जुन्या कपातयाद्या, व्हाउचरे आणि मंडळाचे ठराव काढून आम्ही त्या खात्याचा हिशेब पहिल्यापासून मांडला. त्यात काही दिवस गेले. निष्पन्न असे झाले की तक्त्यातील आकडा बरोबर होता: दरबदलाच्या वेळी आमच्याच एका दक्ष सहकाऱ्याने त्या खात्याचे व्याज स्वतंत्र कागदावर काढले होते, मध्यंतरीच्या एका रजेच्या काळातील न कापलेले हप्ते त्यात धरले होते, आणि योग्य बाकी तेथे लिहिली होती. गुरुजींनी तो हिशेब ओळ न ओळ वाचला, मान हलवली, आणि रक्कम भरली. आकडा बरोबर निघाल्याचा आनंद मला व्हायला हवा होता. परंतु त्या दिवशी मला जे जाणवले ते याहून गंभीर होते. खरे असूनही जे सिद्ध करता येत नाही, ते हिशेबात खरे मानता येत नाही. गुरुजींसारखे कागद जपणारे आणि सौम्यपणे विचारणारे सभासद थोडे; जे विचारीत नाहीत, त्यांनी आमचा आकडा केवळ आमच्या शब्दावर स्वीकारलेला असतो, आणि संस्थेने सभासदाला अशा स्थितीत ठेवणे हे सहकाराच्या मूळ कल्पनेला धरून नाही.

संचालक मंडळासमोर मी जे टिपण ठेवले, त्यात सॉफ्टवेअरच्या सोयींची यादी नव्हती. चार मागण्या होत्या. एक, कोणतीही नोंद एकदा मंजूर झाल्यावर पुसता येऊ नये, ती उलट नोंदीनेच दुरुस्त व्हावी. दोन, नोंद करणारा आणि ती मंजूर करणारा या दोन व्यक्ती भिन्न असाव्यात, आणि दोघांची नावे व वेळ नोंदीसोबत राहावी. तीन, व्याजदराला तारीख असावी, म्हणजे नवा दर त्या तारखेपासूनच लागू होईल आणि मागे जाणार नाही. चार, कोणत्याही गतदिवशी कोणत्याही खात्याची बाकी काय होती, ते विचारताच सांगता यावे. या चारांपैकी पहिल्या दोन अटी आमच्या जुन्या खतावणीतील तांबडी रेघ आणि आद्याक्षरी याच होत्या. नव्या यंत्राकडून आम्ही नवे काही मागत नव्हतो. मधल्या काळात हातून निसटलेली शिस्त परत मागत होतो, आणि तिच्याबरोबर यंत्राचा वेग.

प्रणाली ठरली, करार झाला, आणि मग जे काम सुरू झाले त्याची कल्पना विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून येत नाही. पहिला अडसर नावांचा. जुन्या फाइलींत मराठी नावे निरनिराळ्या जुन्या फाँटांत टंकलेली होती. युनिकोडमध्ये नेताच त्यांचे रूपांतर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांच्या निरर्थक मालिकांत झाले. जी वाचता आली त्यांत एकच शिक्षिका वर्गणीच्या फाइलीत माहेरच्या नावाने, कर्जाच्या फाइलीत सासरच्या नावाने, आणि जामीनदारांच्या यादीत आडनाव आधी घालून लिहिलेली आढळली. नावावर विसंबण्याचे सोडून, मूळ सभासद नोंदवहीतील सभासद क्रमांक हाच एकमेव आधार मानायचा, असे ठरवले; आणि प्रत्येक नाव सेवापुस्तकातल्याप्रमाणे नव्याने टंकले. दुसरा प्रश्न, किती मागे जायचे हा. केवळ आजची बाकी आरंभीची शिल्लक म्हणून घ्यावी, म्हणजे काम लवकर उरकेल, असा विक्रेत्याच्या माणसांचा सल्ला होता, आणि व्यवहारात बहुतेक ठिकाणी तसेच होते. आम्ही तो मानला नाही. चालू असलेल्या प्रत्येक कर्जाचे वाटप आणि त्यानंतरचा प्रत्येक हप्ता व्हाउचरवरून घ्यायचा, असा आग्रह धरला; कारण ज्या बाकीचा इतिहास नाही तीच नव्या घरात नेऊन ठेवायची असेल, तर स्थलांतराचा खटाटोप कशासाठी?

परंतु खरा विचार करायला लावला तो प्रणालीने विचारलेल्या प्रश्नांनी. तक्ता प्रश्न विचारीत नाही. जे लिहाल ते तो ठेवतो. प्रणालीला मात्र प्रत्येक नियम आधी सांगावा लागतो, आणि तो सांगू लागताच असे दिसून आले की कित्येक बाबतीत संस्थेचा नियमच नव्हता, होत्या त्या केवळ टेबलाटेबलावरच्या वहिवाटी. अपुऱ्या वसुलीचेच पाहा. समजा, एखाद्या सभासदाची मुद्दल बाकी तीन लाख रुपये आहे, व्याज द.सा.द.शे. बारा, आणि मुद्दलाचा मासिक हप्ता पाच हजार. त्या महिन्याचे व्याज तीन हजार, म्हणून मागणी आठ हजारांची. अर्ध्या पगारामुळे कापले गेले फक्त चार हजार. ते आधी व्याजात घेतले, तर तीन हजार व्याजापोटी व एक हजार मुद्दलात जमा होऊन मुद्दल २,९९,००० राहते. आधी मुद्दलात घेतले, तर मुद्दल २,९६,००० होऊन तीन हजार व्याज येणे राहते. पुढील महिन्याचे व्याज पहिल्या रीतीने २,९९० आणि दुसऱ्या रीतीने २,९६०. तीस रुपयांचा हा फरक एका महिन्याचा. थकलेली रक्कम भरून निघेपर्यंत तो दरमहा चालू राहतो. आमच्या दोन टेबलांवर या दोन रीती शेजारीशेजारी, वर्षानुवर्षे, संपूर्ण सद्भावनेने चालू होत्या. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील कलमे ५९ ते ६१ भरण्याच्या विनियोगाविषयीच आहेत: ऋणकोने सांगितले असेल तसे, न सांगितल्यास धनकोच्या इच्छेने, आणि दोघांनीही काही न ठरवल्यास कालक्रमाने. म्हणजे निवड संस्थेच्या हाती होती. मात्र ती उघडपणे आणि सर्वांसाठी सारखी व्हायला हवी होती. मंडळाने आधी व्याज, मग मुद्दल अशी रीत ठरावाने स्वीकारली, ती कर्जाच्या अर्जावर मराठीत छापली, आणि थकीत व्याजावर व्याज आकारायचे नाही हेही त्याच ठरावात लिहिले.

दुसरा प्रश्न याहून नाजूक होता. हप्ता कोणत्या दिवशी मिळाला असे मानायचे? शिक्षकाच्या पगारातून तो कापला जातो एका दिवशी, आणि भरणा संस्थेच्या खात्यात पोहोचतो कधी आठ, कधी पंधरा, कधी त्याहून अधिक दिवसांनी. बँकेचा दाखला दुसऱ्या तारखेचा असल्याने हिशेबी मनुष्य स्वाभाविकपणे दुसरी तारीख धरील. परंतु ज्याच्या हातून पैसे सुटले आहेत, ज्याला ते परत मागता येत नाहीत, आणि जे वाटेत अडकल्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, त्याने त्या दिवसांचे व्याज का सोसावे? मंडळात यावर दीर्घ चर्चा झाली. संस्थेचे उत्पन्न घटेल हा आक्षेप खोटा नव्हता. अखेरीस व्याजाच्या हिशेबासाठी पगारकपातीची तारीख धरायची आणि वाटेतील रक्कम संस्थेच्या दप्तरी तालुका कार्यालयाच्या नावे ‘येणे’ म्हणून दाखवायची, असे एकमताने ठरले. या ठरावाने आणखी एक लाभ झाला: कोणत्या तालुक्याकडे किती रक्कम किती दिवस अडकते, हे प्रथमच एका कागदावर दिसू लागले, आणि तगादा सभासदाकडे जाण्याऐवजी जेथे जायला हवा तेथे जाऊ लागला.

त्यानंतर काही महिने दोन्ही पद्धती समांतर चालवल्या. महिनाअखेरीस तक्त्याची आणि प्रणालीची अशा दोन तेरजा शेजारी ठेवून प्रत्येक खात्याची तफावत काढायची, तिचे कारण लिहायचे, आणि कारण सापडल्याखेरीज ते खाते बंद मानायचे नाही, असा क्रम ठेवला. कर्मचाऱ्यांना हे दुहेरी ओझे होते, आणि त्यांनी ते ज्या निष्ठेने वाहिले त्याबद्दल त्यांचे ऋण मी मानतो. शेवटी प्रत्येक कर्जदाराकडे वाटपापासूनचा संपूर्ण खातेउतारा आणि त्यासोबत बाकी मान्य असल्याची चिठ्ठी पाठवली. ज्यांच्या हरकती आल्या त्यांना समक्ष बोलावून कागद दाखवले. काही हरकती त्यांच्या बाजूने निघाल्या आणि त्यांची रक्कम त्यांच्या खात्यावर जमा केली. उताऱ्याचा कागद हाती घेऊन शाळेच्या सुटीत ओळीवर बोट ठेवत हिशेब लावणारे शिक्षक मी पाहिले, आणि हा खर्च सार्थकी लागल्याची खात्री पटली.

नव्या व्यवस्थेने जे दिले त्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते जामीनदारांच्या बाबतीतले. करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात अन्यथा ठरले नसेल तर, ऋणकोइतकीच असते. तरीही तक्त्यांच्या काळात त्याला ऋणकोची थकबाकी कळे ती बहुधा सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील वसुली दाखल्याची कारवाई दारात आल्यावर. जामीनदारांची यादी वेगळ्या फाइलीत असल्याने एकच भिडस्त शिक्षक किती जणांना जामीन आहे, हेही पटकन सांगता येत नसे. आता कर्ज, ऋणको आणि जामीनदार एकाच धाग्यात गोवलेले असल्याने, पहिला हप्ता चुकताच ऋणकोला आणि दुसरा चुकताच जामीनदाराला कळवले जाते. दोन हप्त्यांची थकबाकी ही मित्राला समजावून सांगण्याची गोष्ट असते. दोन वर्षांची थकबाकी ही कचेरीची गोष्ट होते, आणि तीत मैत्री टिकत नाही.

प्रणालीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. चुकीचा नियम तिला सांगितला, तर ती तो हजारो खात्यांना बिनचूक लावते. म्हणून नियम लिहिणाऱ्याची जबाबदारी कमी होण्याऐवजी वाढते. एकाचा परवलीचा शब्द दुसऱ्याने वापरला, तर नोंदीसोबतचे नाव निरर्थक ठरते आणि दोन व्यक्तींची अट कागदावरच राहते. विक्रेत्याशी बिनसले तर आपले दप्तर आपल्याला वाचता येईल अशा रूपात परत मिळेल, हे करारात आधीच लिहून घेतले नाही, तर संस्था स्वतःच्याच हिशेबासाठी परक्याची मिंधी होते. दैनंदिन प्रत कार्यालयाबाहेर सुरक्षित ठेवणे, आणि ती खरोखरच उघडते की नाही हे अधूनमधून पडताळणे, हेही माणसालाच करावे लागते. आणि थकबाकीदारांची यादी यंत्राने कितीही नेमकी काढली, तरी त्या यादीतील एखाद्या नावामागे घरातील कर्ता गेलेला असतो, किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतात, हे त्या घरी जाऊनच कळते. आकडेमोडीतून वाचलेला वेळ अशा भेटींसाठी खर्चावा, असा आमचा प्रघात आता पडला आहे, आणि वसुलीला त्याचा जो उपयोग झाला तो कोणत्याही नोटिशीने झालेला नव्हता.

म्हणून जे विचारतात त्यांना मी सांगतो की सॉफ्टवेअर पाहण्याआधी आपले नियम कागदावर उतरवा: व्याज कोणत्या तारखेपासून, अपुरा भरणा कशात जमा, दर बदलल्यास जुन्या कर्जाचे काय, मुदतीआधी फेड केल्यास काय, रुपयाच्या अपूर्णांकाचे काय. ज्या प्रश्नावर संचालकांत मतभेद होईल, तो प्रश्न आजवर कोणीतरी कारकून एकट्याने सोडवीत होता असे समजा, आणि तो मंडळाच्या ठरावाने सोडवा. त्यानंतर विक्रेत्याला एकच परीक्षा घाला: गेल्या ३१ मार्चला या खात्याची बाकी काय होती, ती कशी आली, आणि त्यानंतर तिला कोणी हात लावला, हे दाखवा. जी प्रणाली हे दाखवू शकेल तिची किंमत मग विचारा. आणि ती घेतल्यानंतर तिचा पहिला उपयोग थकबाकीदार शोधण्यासाठी करू नका. प्रत्येक कर्जदाराला, त्याने मागितला नसला तरी, वर्षातून एकदा त्याच्या खात्याचा संपूर्ण उतारा घरपोच देण्यासाठी करा. कायद्याने सभासदाला हिशेब पाहण्याचा हक्क दिला आहे. तो मागण्याची वेळ त्याच्यावर येऊ न देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, आणि आज ते पार पाडण्यास साधनांची उणीव राहिलेली नाही.